टाकीच्या तळाचं इंधन: स्कॅव्हेंज जेट पंप काय करतो आणि काय करू शकत नाही

प्रश्न थोडक्यात असा: विमानाच्या टाकीत तळाला उरणारं, इंजिनापर्यंत न पोचणारं इंधन स्कॅव्हेंज सिस्टीम (म्हणजे उरलंसुरलं गोळा करणारी) कमी कसं करते? आणि तेवढ्यासाठी वेगळी सिस्टीम हवीच कशाला, मुख्य पंपच जास्त ताकदीचा घेऊन आणखी खाली बसवला तर?

आधी दुसरा भाग घेतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. जास्त ताकदीचा पंप लावला तर तळाचं इंधन कमी होत नाही, वाढतं. घराची पाण्याची टाकी मोटरने उपसताना पाहिलं असेल: तळाला चार बोटं पाणी असतानाच मोटर फरफर करायला लागते. पंप जितक्या वेगाने ओढतो, तितका त्याच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग खचतो, भोवरा पडतो आणि हवा आत शिरते. मग उरलेलं पाणी आपण मगाने काढतो, सावकाश. स्कॅव्हेंज जेट पंप म्हणजे विमानातला तो मग. थोडं थोडं ओढणारा, म्हणूनच तळापर्यंत पोचणारा.

आता 'न वापरता येणारं इंधन' म्हणजे काय ते नेमकं पाहू. टाकीतून काढताच येत नाही असं इंधन, असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या आणि युरोपच्या प्रमाणन नियमांत (मोठ्या विमानांसाठी कलम २५.९५९) व्याख्या अशी आहे: त्या टाकीतून इंधन घेताना, सगळ्यात प्रतिकूल परिस्थितीत, इंजिन बिघडल्याचं पहिलं लक्षण ज्या साठ्यावर दिसतं तो साठा, जाहीर केलेला आकडा त्याहून कमी असता कामा नये. म्हणजे सरळ उड्डाणात शेवटचे दोन लिटर पंपाला मिळत असतील, पण गो-अराउंडमध्ये, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, नाक उचलल्यावर साठा तीस लिटर असतानाच पंप हवा ओढत असेल, तर त्या टाकीचं न वापरता येणारं इंधन तीस लिटर. हे इंधन विमानाच्या रिकाम्या वजनात धरलं जातं आणि गेजचा शून्यही तिथेच लावलेला असतो. विमान आयुष्यभर ते वजन घेऊन उडतं.

थोडी भूमिती मांडू. जेट विमानाची टाकी म्हणजे पंखाचाच पोकळ भाग: पसरट, उथळ, तळ जवळजवळ सपाट. दहा चौरस मीटर तळावर एक सेंटिमीटर इंधनाचा थर राहिला तरी शंभर लिटर होतात, साधारण ऐंशी किलो. टाकीची पुढून मागे लांबी तीन मीटर असेल आणि नाक फक्त तीन अंश वर असेल, तर पुढच्या आणि मागच्या टोकाच्या पातळीत जवळपास सोळा सेंटिमीटरचा फरक पडतो. त्यात वेग वाढत असेल तर आणखी भर: ०.१ जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश) इतका वेगवाढीचा जोर इंधनाचा पृष्ठभाग सुमारे ५.७ अंश मागे कलवतो. उतरताना नाक खाली गेलं की सगळं उलटं. म्हणजे क्रूझमध्ये (उंचीवरच्या सरळ उड्डाणात) इंधन मागच्या कोपऱ्यात, उतरताना पुढच्या, आणि पंपाचं तोंड मात्र एकाच जागी खिळलेलं.

वळणाबद्दल एक गैरसमज बऱ्याचदा ऐकू येतो. व्यवस्थित समन्वयित वळणात, म्हणजे कॉकपिटमधल्या घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू मध्यावर असताना, विमान कितीही झुकलं तरी टाकीतलं इंधन तळाला लंबच दाबलं जातं, बाजूला सरकत नाही. ते सरकतं स्लिप किंवा स्किडमध्ये, म्हणजे विमान बाजूला घसरत असताना. बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिक प्रशिक्षणात दिसणाऱ्या सेस्ना १७२ च्या हँडबुकात, टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना एकाच बाजूच्या टाकीवर लांबलचक असमन्वयित उड्डाण करू नये अशी बंदी आहे, ती याचसाठी. त्या विमानात स्कॅव्हेंज काहीच नाही. इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. १७२ एसमध्ये एकूण ५६ अमेरिकन गॅलन मावतं, वापरता येतं ५३. तीन गॅलन म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. सेस्ना कॅरॅव्हॅनच्या २०८ बी मध्ये इजेक्टर (जेट पंपाचंच दुसरं नाव) आणि इंधन जमा होणारी छोटी टाकी आहे: ३३५.६ गॅलनपैकी ३३२ वापरता येतं, म्हणजे वाया फक्त ३.६ गॅलन, एक टक्क्याच्या आसपास. पंखाचा आकार, टाकीची ठेवण वेगळी आहे, त्यामुळे हा सगळा फरक इजेक्टरचाच म्हणता येणार नाही, पण अंदाज येतो.

स्कॅव्हेंज जेट पंपाची रचना आपल्याकडे विहिरीवर किंवा बोअरवर बसवतात त्या दोन पाइपांच्या जेट पंपासारखीच. एका पाइपाने दाबाखालचं इंधन येतं, त्याला मोटिव्ह फ्लो म्हणतात. ते बारीक नोझलमधून वेगाने सुटतं. नोझलभोवती दाब पडतो, तिथे दुसऱ्या नळीतून तळाचं इंधन ओढलं जातं, दोन्ही गळ्यात मिसळतात आणि पुढे रुंद होत जाणाऱ्या भागात वेगाचं रूपांतर पुन्हा दाबात होतं. फिरणारा भाग एकही नाही, वायर नाही, सील नाही. कार्यक्षमता मात्र वाईट. चांगला जुळलेला जेट पंपसुद्धा ३० ते ३५ टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाही. तरी टाकीच्या आत तोच बसवतात, कारण कोरडा पडला तर त्याचं काही बिघडत नाही. इलेक्ट्रिक पंप कोरडा चालला तर तापतो आणि ठिणगीचा धोका उभा राहतो. स्कॅव्हेंजच्या इनलेटने तर उड्डाणाचा मोठा भाग हवाच ओढायची असते. त्याचं कामच तसं आहे.

तो बसवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, इनलेट तळापासून किती उंच. नळीचा आतला व्यास 'ड' असेल तर तोंड आणि तळ यांच्यातली फट निदान 'ड'च्या पाव हिश्शाइतकी हवी, कारण तेव्हाच फटीचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळाइतकं होतं. २० मिलिमीटरच्या नळीला ५ मिलिमीटर. त्याहून कमी ठेवली तर फटच प्रवाह अडवते, जास्त ठेवली तर तेवढा थर मागे राहतो. पंखाच्या तळपत्र्यावर सीलंटचा जाड थर, फास्टनरची डोकी, स्ट्रिंजर (पत्र्याला बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्या) असतात. नकाशात पाच मिलिमीटर दिसणारी फट प्रत्यक्षात दोन असू शकते. ही फट मोजूनच पाहावी.

दुसरी, ओढण्याची उंची. समुद्रसपाटीला हवेचा दाब केरोसिनचा स्तंभ सुमारे तेरा मीटर उचलू शकतो. ३५,००० फुटांवर बाहेरचा दाब सुमारे २३८ हेक्टोपास्कल, आणि टाकी बाहेरच्या हवेला उघडी असल्याने आतही जवळपास तोच. म्हणजे उचल तीन मीटरवर येते, तीही कागदावर. विरघळलेली हवा फुगे करून बाहेर पडते आणि गरम इंधनाची वाफ त्यात भर घालते. म्हणून जेट पंप तळाच्या जवळ बसवायचा, ओढणारी नळी आखूड ठेवायची आणि लांब अंतर दाबाच्या बाजूने कापायचं. ओढणारी नळी लांब ठेवून जेट पंप सोयीच्या जागी बसवला की जमिनीवरच्या चाचणीत सगळं ठीक दिसतं आणि उंचीवर प्रवाह आटतो.

तिसरी, सोडायचं कुठे. मुख्य पंप साधारणपणे एका वेगळ्या कप्प्यात असतो, त्याला कलेक्टर म्हणतात. त्याच्या भिंतींवर एकाच दिशेने उघडणारे फ्लॅपर व्हॉल्व्ह असतात: इंधन आत येतं, पण विमान कललं म्हणून बाहेर जात नाही. दूरच्या कोपऱ्यांतले जेट पंप याच कप्प्यात इंधन आणून टाकतात आणि जास्तीचं वरून ओसंडून परत टाकीत जातं. हेच स्कॅव्हेंजचं मर्म. टाकीतलं इंधन कुठल्याही कोपऱ्यात लोळत असो, पंपाच्या तोंडाशी ते पुरेसं असतं. मात्र जेट पंपांची एकत्र आवक इंजिनच्या कमाल मागणीपेक्षा जास्त हवी, आणि ती मोजायची फक्त ओढून आणलेल्या इंधनाची. मोटिव्ह म्हणून दिलेलं इंधन त्याच कलेक्टरमधून गेलेलं असेल तर ते परत आलं म्हणून भर पडत नाही. हा हिशेब चुकला की कलेक्टर हळूहळू रिकामा होतो आणि दोष दिसतो तो लांब चढाईच्या शेवटी. शिवाय स्कॅव्हेंजमधून फेसाळलेलं इंधनही येतं, ते थेट मुख्य पंपाच्या तोंडाशी सोडू नये.

याला अपवाद पाणी ओढणाऱ्या छोट्या जेट पंपांचा. ते टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूवरून थोडं थोडं ओढून मुद्दाम पंपाच्या तोंडाशीच सोडतात. पाणी बारीक थेंबांत विखुरलं जातं आणि इंधनाबरोबर जळून जातं. एकदम डबकं साचून आत गेलं असतं तर इंजिन विझलं असतं, किंवा ते पाणी टाकीतच गोठलं असतं. बोइंग ७७७ मध्ये हीच पद्धत आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण: बोइंग ७३७-८००. दोन पंखांत प्रत्येकी सुमारे ३,९१५ किलो, मधल्या टाकीत सुमारे १३,०६६ किलो. मधल्या टाकीचे दोन इलेक्ट्रिक पंप आधी चालतात, त्यांचा दाब पंखातल्या पंपांपेक्षा जास्त असल्याने इंजिनं आधी मधलं इंधन पितात. ते संपत आलं की पंपांचे लो प्रेशरचे दिवे लागतात आणि स्विच बंद करायचे असतात. त्या वेळी मधल्या टाकीत काही इंधन शिल्लक असतंच. ते ओढतो मधल्या टाकीतला स्कॅव्हेंज जेट पंप, आणि टाकतो क्रमांक १ च्या, म्हणजे डाव्या पंखाच्या टाकीत. मोटिव्ह फ्लो येतो क्रमांक १ च्या पुढच्या पंपाकडून. वैमानिकाला यासाठी वेगळा स्विच नाही. क्रमांक १ ची टाकी साधारण निम्मी झाली, म्हणजे सुमारे २,००० किलोवर आली, की आपोआप सुरू होतं आणि एकदा सुरू झालं की उड्डाण संपेपर्यंत चालू राहतं. निम्मीची अट कशासाठी? डावी टाकी भरलेली असतानाच त्यात आणखी ओतलं तर इंधन वरून वाहून व्हेंटकडे, म्हणजे टाकीत हवा ये-जा करते त्या नळीकडे जाईल. आधी जागा हवी.

यावरून रोजच्या कामातल्या काही गोष्टी आपोआप कळतात. क्रमांक १ चा पुढचा पंप बंद किंवा नादुरुस्त असेल तर मधल्या टाकीतलं तळाचं इंधन तिथेच राहणार. कमी पल्ल्याच्या उड्डाणात पंखाच्या टाक्या निम्म्याखाली येतच नसतील तर स्कॅव्हेंज सुरूच होणार नाही. विमान उतरल्यावर मधल्या टाकीत शिल्लक दिसली म्हणून लगेच बिघाड लिहू नये. आणि स्कॅव्हेंज चालू असताना डावी टाकी उजवीपेक्षा थोडी जड दिसणं स्वाभाविक आहे.

कॅरॅव्हॅनमध्ये मोटिव्ह फ्लो इंजिनवरच्या पंपाकडून येतो, म्हणजे इंजिन फिरत नसेल तर तोही नाही. म्हणून सुरू करताना इलेक्ट्रिक बूस्ट पंप लागतो, आणि स्विच नॉर्मलवर असेल तर दाब ४.७५ पीएसआयच्या खाली गेल्यावर तो आपोआप चालू होतो. उड्डाणात तो पंप स्वतःहून चालू झाल्याचा दिवा दिसला तर इजेक्टरकडे संशयाने पाहावं. किंग एअर बी२०० मध्ये मधल्या भागातल्या सहायक टाक्या पूर्णपणे जेट पंपावर अवलंबून आहेत, प्रत्येकी ७९ गॅलन. तिथे मोटिव्ह फ्लोचा व्हॉल्व्ह उघडला नाही तर ७९ गॅलन एका क्षणात 'वापरता येणारं' मधून 'न वापरता येणारं' या रकान्यात जातात. नो ट्रान्सफरचा (इंधन येत नसल्याचा) दिवा त्याचसाठी असतो, आणि उड्डाणाचं नियोजन त्या दिव्यावर ठरतं.

बिघाड कसे होतात? बहुतेक वेळा जेट पंपात स्वतःमध्ये काहीच झालेलं नसतं.

सगळ्यात जास्त त्रास अडकलेल्या भोकांचा. टाकीच्या तळाशी स्ट्रिंजर आणि रिब (पंखाच्या आतल्या फासळ्या) यांत छोटी भोकं ठेवलेली असतात, त्यांतून इंधन खालच्या बिंदूकडे वाहतं. गळती दुरुस्त करताना सीलंट सढळ हाताने लावलं की यातली एक-दोन भोकं बुजतात. मग तो कप्पा म्हणजे एक बंद डबकं. लक्षण ओळखण्यासारखं असतं: गेज दीडशे किलो दाखवतं, पंपाचा लो प्रेशरचा दिवा मात्र लागलेला. गेजची प्रोब डबक्यात उभी आहे आणि पंप कोरड्यात. लोक गेज बदलतात, प्रोब बदलतात, आणि गेज बिचारं खरंच बोलत असतं. टाकी बंद करण्यापूर्वी प्रत्येक भोकातून तार फिरवून पाहायला पाच मिनिटं लागतात.

दुसरं, जाळी. इनलेटच्या जाळीवर सीलंटचे तुकडे, कापडाचे धागे आणि बुरशी बसते. जेट इंधनात पाणी राहिलं तर हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी पाणी आणि इंधनाच्या सीमेवर वाढते, तपकिरी चिखलासारखी दिसते. आपल्याकडच्या दमट हवेत, विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की ती वाढायला पोषक वातावरण मिळतं. संपमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या पाणी साचणाऱ्या खोलगट भागातून काढलेल्या नमुन्यात तपकिरी चिकट कण दिसले तर जाळी स्वच्छ करून भागत नाही. टाकीत जैवनाशक द्यावं लागतं, तेही उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच.

तिसरं, चेक व्हॉल्व्ह आणि नळ्यांचे जोड. जेट पंपाच्या बाहेरच्या नळीतला चेक व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडा अडकला आणि मोटिव्ह बंद असेल, तर भरलेल्या टाकीतलं इंधन उलटं रिकाम्या टाकीत येऊ शकतं. मधल्या टाकीत मोटिव्ह नळीचा जोड गळत असेल तर पंप चालू असेपर्यंत तिथे इंधन जमा होत राहतं. दोन्हींत गेजवर एकच दिसतं: रिकामी असायला हवी ती टाकी वाढते आहे. वेगळं कसं करायचं? मोटिव्ह देणारा पंप बंद करून पाहायचं. वाढ थांबली तर जोड, थांबली नाही तर चेक व्हॉल्व्ह.

चौथं, फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे इंधनाच्या पातळीनुसार उघडझाप होणारा. मोटिव्ह फ्लो कधी सुरू करायचा हे तो ठरवतो. बंद अडकला तर स्कॅव्हेंज कधीच सुरू होत नाही, उघडा अडकला तर टाकी भरलेली असतानाच सुरू होतं.

टाकी न उघडता करायची जमिनीवरची चाचणी साधी आहे. ७३७ साठी: मधल्या टाकीत थोडं इंधन ठेवायचं, क्रमांक १ निम्म्याखाली, मधले दोन्ही पंप बंद, क्रमांक १ चा पुढचा पंप चालू. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही टाक्यांचे आकडे लिहायचे. मधली कमी आणि डावी तेवढीच जास्त झाली पाहिजे. मधली कमी होते पण डावी वाढत नाही, तर इंधन तिसरीकडे कुठेतरी चाललंय; चाचणी थांबवून तेच आधी शोधावं. मान्य मर्यादा आणि वेळ त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यायची.

टाकीत उतरायची वेळ आली तर इंधन काढणं, हवा खेळवणं, वाफ आणि ऑक्सिजन मोजणं, बाहेर एक माणूस सतत उभा आणि स्फोटरोधक टॉर्च, यातलं एकही वगळायचं नाही. बाहेर येताना आत नेलेली प्रत्येक चिंधी मोजून.

मग स्कॅव्हेंज इतकं चांगलं आहे तर उरलेलं शून्यावर का आणत नाहीत? एक कारण पाणी. नियमानुसार मोठ्या विमानाच्या प्रत्येक टाकीत पाणी साचायला संप लागतो, टाकीच्या क्षमतेच्या ०.१० टक्के किंवा गॅलनचा सोळावा भाग, यांपैकी जे जास्त असेल तेवढा. ७३७-८०० च्या मधल्या टाकीसाठी हे सुमारे सोळा लिटर होतात. दुसरं म्हणजे आकडा ठरतो प्रतिकूल स्थितीवर, आणि शेवटच्या काही लिटरांसाठी आणखी चार जेट पंप लावले तर त्यांचं, नळ्यांचं आणि मोटिव्ह फ्लोसाठी मोठ्या केलेल्या पंपाचं वजन वाचवलेल्या इंधनापेक्षा जास्त होतं.

तळाच्या इंधनाचा वजनाशी संबंध नसलेला एक पैलूही आहे. १७ जुलै १९९६ रोजी टीडब्ल्यूए ८०० या बोइंग ७४७ चा स्फोट झाला तेव्हा मधल्या टाकीत सुमारे ५० गॅलनच इंधन होतं. खाली वातानुकूलन यंत्रं तापलेली, वर पातळ थर; भरलेल्या टाकीपेक्षा असा थर लवकर तापतो आणि त्याची वाफ हवेशी मिसळून ज्वालाग्राही होते. १९९० मध्ये मनिला आणि २००१ मध्ये बँकॉकला जमिनीवरच असलेल्या ७३७ विमानांच्या मधल्या टाक्याही अशाच उडाल्या, त्या वेळी मधले पंप चालू होते. २००१ मध्ये अमेरिकेत टाकीतल्या ठिणगीच्या कारणांबद्दल आणि २००८ मध्ये वाफेची ज्वालाग्राहिता कमी करण्याबद्दल नियम आले. आज अनेक विमानांत टाकीत नायट्रोजन जास्त आणि ऑक्सिजन कमी असलेली हवा सोडतात. ७३७ च्या चालकांना मधल्या टाकीत ४५३ किलोपेक्षा कमी असेल तर जमिनीवर तिचे पंप चालू करू नका असं सांगितलं जातं. तेवढं इंधन मग न वापरता येणारं ठरत नाही, कारण ते हवेत जेट पंप काढून घेतो, एकही ठिणगी न पाडता.

टाकीच्या आत काही बदल केला असेल, म्हणजे इनलेटची उंची, भोकांची जागा, कलेक्टरची भिंत किंवा जेट पंपाचं नोझल, तर न वापरता येणारा साठा पुन्हा मोजावा लागतो. लांब चढाई, नाक खाली ढकलून उतरणं, स्लिप आणि गो-अराउंड या स्थितींत इंजिन चुकेपर्यंत त्या टाकीवर चालवायचं (दुसरं इंजिन किंवा दुसरी टाकी तयार ठेवून), उतरून उरलेलं इंधन काढून वजन करायचं. सगळ्यांत मोठा आकडा तो खरा. तो जुन्यापेक्षा वेगळा आला तर रिकामं वजन, गुरुत्वमध्य आणि गेजचा शून्य, तिन्ही बदलतात. वजनाचा कागद बहुतेक जण बदलतात; गेजचा शून्य पुन्हा लावायचा मात्र राहून जातो.